उगवण नव्वद टक्के

आपलं गाव महानगर झालं, हे दीनानाथ हसनाबादकरांना एका फ्लेक्सवरून समजलं. भोकरदन नाक्याच्या अलीकडे नवयुग कॉलनी आहे. तिच्या तोंडाशी, विजेच्या दोन खांबांना सुतळीने बांधलेला तो फ्लेक्स एका सकाळी प्रकट झाला. ‘जालना महानगर झाल्याबद्दल समस्त नागरिकांचे हार्दिक अभिनंदन’ असं वर लिहिलेलं आणि खाली कॉलनीचे होतकरू पुढारी काकासाहेब काळा चष्मा लावून, मोबाइल कानाला धरून उभे. दीनानाथरावांनी मजकूर दोनदा वाचला. आपलं अभिनंदन व्हावं असं आपण काय केलं, हे त्यांना काही केल्या आठवेना. फ्लेक्सच्या खाली जो खड्डा काल होता तो आजही होता. फरक एवढाच, की काल तो नगरपालिकेतला होता.

तसं शहर बदलून राहिलं होतं, यात वाद नाही. चौकाचौकात कॉफीची दुकानं निघाली. एका कॉफीच्या किमतीत पूर्वी चार माणसांचा मिसळ-चहा व्हायचा, आणि चार माणसं एकमेकांशी बोलायचीही. समृद्धी महामार्गाने मुंबई पाच-सहा तासांवर आली. पोरांच्या गाड्या मोठ्या झाल्या आणि त्या लावायला जागा नाही म्हणून त्या दुसऱ्याच्या दारात लागू लागल्या. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी माणसं अजून अभिमानाने सांगतात. पाळणा सोन्याचा असेलही, पण त्यातल्या बाळाला आंघोळ आठवड्यातून एकदा मिळायची, कारण नळाला पाणी आठव्या दिवशी यायचं. कधी दहाव्या. म्हणजे माणसाने मनात आणलं तर तो मुंबईला जाऊन, तिथे आंघोळ करून, पाहुणचार घेऊन परत येईपर्यंत नवयुग कॉलनीचा नळ कोरडाच असायचा.

आणि हे पाणी नेमकं कधी येणार, हे सबंध कॉलनीत एकच माणूस सांगू शकायचा. ते दीनानाथराव.

त्यांची नोकरी बियाण्याच्या कंपनीत झाली. एकतीस वर्षं. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, आठ दिवसांनी किती उगवले ते मोजायचं, हे काम दुसरी माणसं करायची. दीनानाथराव हेडक्लार्क, ते फक्त तक्ता लिहायचे. उगवण ब्याण्णव टक्के, उगवण शहाऐंशी टक्के. एकतीस वर्षं हेच लिहून लिहून त्यांना जगातली प्रत्येक गोष्ट टक्क्यांत दिसू लागली. मुलगा निखिल बारावीला बसला तेव्हा निकालाच्या आदल्या दिवशी ते म्हणाले, “उगवण सत्तर टक्के धरा.” एकाहत्तर पडले. निखिल आता पुण्यात आहे आणि बापाला फोन महिन्यातून दोनदा करतो. उगवण साठ टक्के.

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने माणूस म्हणून त्यांची किंमत काय हे त्यांचं त्यांनाच कळेना. कंपनीत लोक उठून उभे राहायचे असं नाही, पण निदान टेबलापाशी येऊन थांबायचे तरी. इथे सकाळी कट्ट्यावर बसलं तर लोक मोबाइलकडे बघत समोरून निघून जायचे. आणि मग देवाच्या मनात आलं आणि त्यांना कडूबा सापडला.

कडूबा म्हणजे पाणी सोडणारा. मोटारसायकलला बांधलेली हातभर लांबीची लोखंडी चावी घेऊन तो गल्लीगल्लीतले व्हॉल्व्ह उघडत फिरायचा. शहरात आमदार आहेत, साहेब लोक आहेत, कारखानदार तर पैशाला पासरी आहेत. पण सकाळी तुळशीला पाणी घालताना बायका ज्याच्या तब्येतीची काळजी करायच्या तो माणूस कडूबा होता. त्याला ताप आला तर चार कॉलन्या पारोशा राहायच्या. नवयुग कॉलनीचा व्हॉल्व्ह योगायोगाने हसनाबादकरांच्या फाटकासमोरच होता. एकदा दीनानाथरावांनी त्याला चहाला आत बोलावलं. दुसऱ्यांदा तो आपणहून आला. तिसऱ्यांदा बशीत चहा ओतता ओतता म्हणाला, “साहेब, उद्याचं धरू नका. वरच्या टाकीला लाइट न्हाई. परवा सकाळी सोडून राह्यलो.”

दीनानाथराव बाहेर आले आणि कट्ट्यावर सहज म्हणाल्यासारखं म्हणाले, “परवा सकाळी. उगवण नव्वद टक्के.”

परवा सकाळी पाणी आलं, आणि त्या दिवसापासून लोक त्यांच्यापाशी येऊन थांबू लागले.

पुढे पुढे तर कॉलनीत पाण्याला विचारल्याशिवाय पान हलेना. पाहुणे बोलवायचे तर पाण्याच्या दुसऱ्या दिवशी. पापड लाटायचे, गाद्यांचे अभ्रे धुवायचे, माहेरवाशीण आणायची, सगळं दीनानाथरावांच्या सांगण्याने. बेबीनंदाताईंच्या मुलीची सुपारी भटजींनी रविवारची काढली होती. दीनानाथराव म्हणाले, पाणी सोमवारी. सुपारी मंगळवारी झाली. भटजी चिडतील असं वाटलं होतं, पण तेही याच कॉलनीत राहणारे. म्हणाले, “ग्रहांना विनंती करता येते हो. टाकीला कोण विनंती करणार?”

समोरच्या घरात दैवशाला राहायची. तिचा नवरा कल्याण शाळेत मास्तर, आणि वडील रामराव केदारखेड्याचे, घरची वीस एकर आणि बारमाही विहीर. लेकीकडे यायचं म्हटलं की ते आधी लेकीला नाही, दीनानाथरावांना फोन लावायचे.

“राम राम, हेडक्लार्क साहेब. लेकीकडं यावं म्हणून राह्यलो. कधी येऊ?”

“गुरुवारी या, रामराव. बुधवारी पाणी आहे.”

“बराबर येतं का?”

“नव्वद टक्के.”

“मंग दहा टक्क्याचं म्या घिऊन येतो,” असं म्हणून रामराव खरोखरच दोन कॅन विहिरीचं पाणी एसटीत टाकून आणायचे. पूर्वी बाप लेकीकडे जाताना खाऊ नेत असे. महानगरात लेक दिली की पाणी न्यावं लागतं, असं ते भोकरदनच्या बाजारात सगळ्यांना सांगायचे आणि लोक हसायचे. रामराव मात्र हसत नसत.

आता या सगळ्यात प्रेमलाताई कुठे होत्या, असं कोणी विचारलं असतं तर दीनानाथराव म्हणाले असते, “असेल की आत.” आणि ते खरंच होतं. कडूबाचा चहा आतूनच यायचा.

पाण्याच्या दिवशी मात्र त्या बाहेर असायच्या, म्हणजे खड्ड्यात. नवयुग कॉलनीला पाणी चढायचं नाही, म्हणून प्रत्येक अंगणात दोन हात खोल खड्डा आणि नळ त्याच्या तळाशी. कोणी मोटर लावून ओढू नये म्हणून पाण्याच्या वेळी लाइट घालवायचे. मग राहिला हात. खाली वाकायचं, बादली लावायची, भरली की वर उचलायची, आणि ड्रमात नेऊन ओतायची. पाऊण तासात साठ बादल्या. एकवीस वर्षं प्रेमलाताईंनी हे केलं. त्या वेळात दीनानाथराव फाटकापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, “अजून वीस मिनिटं आहे. घाई करू नका.” लोक हात जोडायचे. एखादा म्हणायचाही, “तुम्ही आहात म्हणून बरं आहे, काका.”

उन्हाळ्यापासून प्रेमलाताईंचा उजवा खांदा वर जाईना. डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हणून सांगितलं. त्यावर उपाय म्हणून दीनानाथरावांनी लहान बादल्या आणल्या. साठाच्या ऐंशी झाल्या.

भाद्रपदात काकासाहेब एक कागद घेऊन आले. शहरात नवी लाइन पडून राहिली होती. ज्या कॉलनीचा सगळ्यांच्या सह्यांनिशी अर्ज येईल तिला जोडणी, आणि मग रोज पाणी. रोज. काकासाहेबांनी तो शब्द अशा आवाजात उच्चारला, की जणू ते स्वतःच घागर घेऊन दारोदार फिरणार होते. “बेचाळीस घरं आहेत. सह्या तुम्ही घ्या, काका. तुमच्या शब्दाला मान आहे. महिनाअखेर अर्ज देऊन टाका, म्हणजे पहिल्या टप्प्यात बसतो आपण.”

दीनानाथराव मोठ्या हौसेने निघाले. पहिली सही स्वतःची केली आणि दोन दिवसांत बेचाळीस पुऱ्या केल्या. प्रत्येक घरात चहा झाला, दैवशालाने तर पाया पडून सही दिली. कागद घेऊन ते घरी येत होते तेव्हा बेबीनंदाताई गच्चीवरून म्हणाल्या, “बरं झालं बाई काका, आता तुम्हाला सारखं विचारायची कटकट गेली.”

दीनानाथराव हसले, घरात आले, आणि खुर्चीत बसून त्यांनी बेचाळीस सह्या पुन्हा मोजल्या. विचारायला येणारी माणसंही तेवढीच कमी होणार होती.

दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायच्या ऐवजी ते पलीकडच्या प्रियदर्शनी कॉलनीत गेले. तिथे त्यांच्या कंपनीतला जुना सहकारी मच्छिंद्र राहायचा आणि त्या कॉलनीला नवी लाइन आधीच मिळाली होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. फाटकं बंद. ड्रम अर्धे कापून त्यांत शोभेची झाडं लावलेली. मच्छिंद्रने दार उघडलं, टीव्हीचा आवाज थोडा कमी केला.

“काय म्हणतं पाणी?” दीनानाथरावांनी विचारलं.

“येतं की.”

“किती वाजता येतं?”

“काय म्हाईत. येतंच.”

“शेजारी कोण आहे तुझ्या?”

“आहेत कोणतरी. किरायानं आल्ते दिवाळीत. न्हाई, त्याच्या मागच्या दिवाळीत.”

दीनानाथराव परत येताना सगळ्या रस्त्याने त्या ‘येतंच’चा विचार करत होते. इतका भयानक शब्द त्यांनी बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता. ज्या गावात पाणी येतंच, तिथे ते कधी येणार हे सांगणाऱ्याला कोण विचारतो?

त्यांनी अर्ज कपाटाच्या खणात ठेवला. फाडला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. फाडायला धाडस लागतं, आणि एकतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला कागद फाडण्यापेक्षा तो ठेवून देणं जास्त चांगलं येतं. आधी त्यांना एक सही किरायेदाराची आहे अशी शंका आली. मग पितृपक्ष लागला, पितरांच्या पंधरवड्यात शुभ काम नको. मग नवरात्र. मग आवक-जावकचा क्लार्क रजेवर असल्याचं त्यांना कुठूनतरी समजलं, आणि तो परत आला की नाही हे समजून घ्यायचं त्यांनी टाळलं.

काकासाहेब विचारायचे, “काका, अर्ज?”

“दिला की,” हे त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं तेव्हा त्यांचे कान तापले. दुसऱ्यांदा काहीच झालं नाही.

प्रेमलाताईंनी एकदाच विचारलं. खांद्याला गरम पाण्याची पिशवी धरून त्या बसल्या होत्या. “नव्या लाइनचं काय झालं हो? अर्ज गेला का?”

“जाऊन राह्यला. सरकारी काम आहे, त्याला वेळ लागतो,” दीनानाथराव म्हणाले आणि पेपर वर धरला. पेपर उलटा नव्हता, पण वाचलाही नव्हता.

दिवाळीच्या आधी घर आवरलं गेलं. दीनानाथराव कट्ट्यावरून घरी आले तर कपाटाचे खण बाहेर काढून उन्हात ठेवलेले. ते तसेच परत कट्ट्यावर गेले. संध्याकाळी त्यांनी हळूच खण ओढून पाहिला. खाली घातलेला जुना कागद जाऊन नवा वर्तमानपत्राचा कागद आला होता, आणि त्यावर अर्ज जसा होता तसा, घडी न बिघडता ठेवलेला. प्रेमलाताई आत चकलीची भाजणी चाळत होत्या. काही बोलल्या नाहीत. म्हणजे वाचला नसावा, असं दीनानाथरावांनी ठरवलं. न वाचण्याची शक्यता त्यांनी ऐंशी टक्के धरली.

चार दिवसांनी पाणी होतं. सकाळी साडेपाचला पाइपातून हवेचा तो ओळखीचा सूं आवाज आला आणि कॉलनीत बादल्या वाजू लागल्या. दीनानाथराव शाल गुंडाळून फाटकाकडे निघाले. अंगणात खड्डा रिकामा. त्यांनी आत डोकावलं. प्रेमलाताई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

“अगं, पाणी आलं.”

“ऐकू येऊन राह्यलं मला.”

“मंग?”

“खांदा.”

दीनानाथरावांनी एकदा फाटकाकडे पाहिलं. त्यांनी शाल काढली, धोतराचा काचा मारला आणि खड्ड्यात उतरले. आणि मग जे झालं ते नवयुग कॉलनीने बरेच दिवस पुरवून पुरवून सांगितलं. पहिली बादली त्यांनी थेट पिण्याच्या माठात ओतली. पहिली दहा मिनिटं नळाला गढूळ, गंजाचं पाणी येतं आणि ते सोडून द्यायचं असतं, हे कॉलनीतल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. दीनानाथरावांना पाणी किती वाजता येतं हे ठाऊक होतं. ते कोणत्या रंगाचं येतं हे बघायची वेळ त्यांच्यावर आलीच नव्हती.

“अगं, पिण्याचा ड्रम कोणता? निळा का पांढरा?” त्यांनी खड्ड्यातून ओरडून विचारलं.

“तुम्हाला तर सगळं म्हाईत आहे,” आतून आवाज आला. रागाचा नव्हता. राग असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

त्यांनी निळा भरला. तो धुण्याचा होता, तळाशी साबण. बाराव्या बादलीला कंबर धरली. एकोणिसाव्या बादलीला पाय घसरला आणि ते खड्ड्यात बसले, पाणी मात्र बाहेर सांडलं. समोरून दैवशाला म्हणाली, “काका, अजून किती वेळ आहे हो?” आणि आयुष्यात पहिल्यांदा दीनानाथरावांना वेळ सांगावीशी वाटली नाही. बावीस बादल्या झाल्या आणि नळ थांबला.

तिसऱ्या दिवशी घरात प्यायला पाणी नव्हतं. थंड पाण्याचे जार विकणारा टेंपो हसनाबादकरांच्या दारात थांबला, तेव्हा कट्ट्यावरची सगळी माणसं उठून बघायला आली. पाण्याचा वार सांगणारा माणूस पाणी विकत घेत होता. काकासाहेबांनी तर फोटो काढला.

पण दीनानाथरावांना जाळत होतं ते वेगळंच. उजव्या खांद्यात, मानेच्या खाली, एक जागा अशी काही ठणकत होती की झोपेत कूस बदलता येईना. फक्त बावीस बादल्या. ते अंथरुणात पडून हिशेब करत राहिले. अर्ज खणात पडल्याला दोन महिने. दोन महिन्यांत पाणी आठदा आलं. त्यातलं सातदा हिने भरलं. सात गुणिले ऐंशी. पुढे त्यांनी गुणाकार केला नाही. टक्केवारी तर नाहीच काढली. आपल्याला लाज वाटते आहे, हे त्यांना स्वच्छ कळलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडायच्या आधी ते पाण्याच्या कचेरीत जाऊन बसले. क्लार्कने अर्ज उलटसुलट केला. “तारीख दोन महिन्यांपूर्वीची आहे, काका.”

“हो. उशीर झाला.”

“उशीर न्हाई व्हत इथं. मुदतवाढ व्हते. दोनदा झाली,” असं म्हणत त्याने शिक्का उमटवला. “पहिला टप्पा भरला फक्त. तुम्ही दुसऱ्यात. होळीच्या सुमाराला या पाणी प्यायला.”

दिवाळीचं काम होळीवर गेलं. तेवढ्या महिन्यांत नळाच्या खड्ड्यात दीनानाथराव उतरत राहिले. प्रेमलाताईंनी एकदाच बाहेर येऊन बोटाने दाखवलं, “पांढरा पिण्याचा,” आणि आत गेल्या. ते कडूबाचा चहाही स्वतः करू लागले. कडूबा एक घोट घेऊन म्हणाला, “वहिनी गावाला गेल्या का?”

फाल्गुनात नवी लाइन जोडली गेली. काकासाहेबांनी जाहीर केलं की पाण्याचं उद्घाटन आणि त्याला जोडून सत्कार. आता जालन्यात सत्कार कशाचाही होतो. माणूस निवडून आला तर होतो, पडला तर पडूनही उभा राहिल्याबद्दल होतो. सत्काराला माणूस हवा होता आणि सह्या दीनानाथरावांनी घेतल्या होत्या. नवा फ्लेक्स लागला. ‘जलदूत मा. दीनानाथराव हसनाबादकर यांचा भव्य नागरी सत्कार.’ काकासाहेबांचा फोटो पुरुषभर होता, जलदूत कोपऱ्यात, वीतभर, बँकेच्या पासबुकावरचा.

“मला नको हा सत्कार,” दीनानाथराव घरी म्हणाले.

“का?” प्रेमलाताईंनी विचारलं आणि सरळ त्यांच्याकडे पाहिलं.

त्यांनी पेपर वर धरला.

रविवारी कट्ट्यासमोर मांडव पडला. शंभर खुर्च्या, दोन कर्णे. रामरावही केदारखेड्याहून आले होते, पहिल्यांदाच कॅनशिवाय, आणि हात रिकामे असल्यामुळे ते कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. पाहुणे अकराला येऊन नळ उघडणार होते. अकरा वाजले, पाहुणे समृद्धीवर होते. साडेअकराला ते अजून समृद्धीवरच होते. मग काकासाहेब म्हणाले, सत्कार उरकून घेऊ. रोज पाणी म्हणजे काय, यावर ते वीस मिनिटं बोलले. “आता ड्रम फेका. बादल्या फेका. रोज सकाळ-संध्याकाळ एक तास पाणी, बिलकुल खात्रीनं.” टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला, फेटा आला. फेटा कानावर उतरला.

“दोन शब्द बोला, काका.”

दीनानाथराव माइकसमोर उभे राहिले. समोर बेचाळीस घरं बसली होती. पहिल्या रांगेत प्रेमलाताई, इस्त्रीची सुती साडी, डावा हात उजव्या खांद्यावर. लोकांना वाटलं होतं ते आज शेवटची टक्केवारी सांगतील. त्यांनी खिशातून लिहून आणलेलं भाषण काढलं, पाहिलं आणि परत खिशात घातलं.

“मी जलदूत न्हाई,” ते म्हणाले. “तुम्ही ज्या सह्या केल्या, तो अर्ज...”

आणि त्याच क्षणी मांडवामागच्या नळातून आवाज आला. सूं.

झालं असं, की कडूबाला बाराची वेळ दिलेली होती. पाहुणे कुठे आहेत हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि सांगितलं असतं तरी फरक पडला नसता. त्याने आयुष्यात पाणी पाहुण्यांसाठी सोडलं नव्हतं. त्याने चावी फिरवली.

तो आवाज ऐकल्यावर नवयुग कॉलनीत काय व्हायचं ते झालं. बेबीनंदाताई आधी उठल्या. मग भटजी. मग खुर्च्या पडू लागल्या. रोज येणार आहे, सकाळ-संध्याकाळ येणार आहे, ड्रम फेका, हे सगळं आताच टाळ्या वाजवून ऐकलेली माणसं चपला सोडून पळत सुटली. रामराव लेकीच्या मागे धावले, म्हणत होते, “दैवशाले, आधी पिण्याचं भर.” काकासाहेब “बसा, बसा, रोज येणारंय” असं एकदा म्हणाले, मग त्यांनीही घड्याळ पाहिलं आणि घराकडे निघाले. उद्या येईल याची खात्री त्यांना इतरांपेक्षा कमी होती, कारण खात्री त्यांनीच दिली होती.

दोन मिनिटांत मांडव रिकामा. पहिल्या रांगेत प्रेमलाताई तेवढ्या बसून होत्या. उठायची त्यांनी जराही हालचाल केली नाही.

दीनानाथराव माइकसमोर उभेच. “तू जात न्हाईस?”

“तुम्ही बोलत होतात. बोला. मी ऐकून राह्यले.”

त्यांनी माइकचा दांडा धरला. “तो अर्ज मी दिलाच नव्हता. दोन महिने खणात ठेवला होता. लोकांना म्हणलो, दिला. रोज पाणी आलं तर मला कुणी विचारणार न्हाई, म्हणून ठेवला. आणि तेवढे दिवस तू खड्ड्यात उतरून राह्यली होतीस.”

“म्हाईत आहे,” प्रेमलाताई म्हणाल्या. “खणाला कागद घातला तेव्हाच वाचला मी.”

“मंग बोलली का न्हाईस?”

“तुम्ही सांगता का, ते पाहून राह्यले होते.” त्यांनी डाव्या हाताने शेजारची पडलेली खुर्ची सरळ केली. “पाच महिने लागले. आणि आता माइक बंद करा.”

दीनानाथरावांनी वर पाहिलं. दोन्ही कर्णे चालू होते. एक कॉलनीच्या या टोकाला, एक त्या टोकाला. बेचाळीस अंगणांत बादल्या वाजायच्या थांबल्या होत्या. फक्त पाणी पडल्याचा आवाज येत होता, आणि ते बहुधा ड्रम भरून वाहत होतं.

त्यांनी माइक बंद केला. फेटा काढून खुर्चीवर ठेवला. दोघं घराकडे निघाले. वाटेत दैवशालाने मान खाली घातली, आणि रामरावांनी फाटकातून पाहत एवढंच म्हटलं, “माह्या लेकीनं दोन महिने जास्त भरलं, साहेब.” दीनानाथराव थांबले आणि म्हणाले, “हो.” मग त्यांनी आपलं फाटक उघडलं.

अंगणात नळ वाहत होता. दीनानाथराव सवयीने खड्ड्यात उतरायला लागले, तेव्हा प्रेमलाताई पायरीवर बसत म्हणाल्या, “कशाला भरता? उद्या येणार आहे ना?”

“काकासाहेब म्हणून तर राह्यलेत.”

“तुम्ही सांगा. किती टक्के?”

दीनानाथरावांनी आभाळाकडे पाहिलं, व्हॉल्व्हकडे पाहिलं. कडूबा चावी बांधून निघूनही गेला होता. समोरच्या गच्चीवर दोन-तीन डोकी उत्तरासाठी थांबल्यासारखी दिसली.

“मला म्हाईत न्हाई,” ते म्हणाले, आणि पहिली दहा मिनिटं झाली का हे बघून त्यांनी पांढऱ्या ड्रमची बादली नळाखाली लावली.